त्याच्या आधी घरी तूच सांग

(पत्र थोडक्यात दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"ताई, मी एकवीस वर्षांची आहे. घर तासगाव तालुक्यात, बाबांची द्राक्षबाग आहे. सांगलीत विश्रामबागला होस्टेलवर राहून शिकते. दोन वर्षांपासून एका मुलाबरोबर आहे. तो कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सुरुवातीला खूप जपायचा, अजूनही जपतो. पण कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे सारखं सांगावं लागतं. रात्री झोप लागेपर्यंत व्हिडिओ कॉल चालू ठेवायला लावतो. इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. वर्गातल्या मुलांशी बोलणं त्यानं बंद करायला लावलं, आता मैत्रिणीही तुटल्यात. दिवाळीनंतर हरिपूरच्या रस्त्यावर त्यानं कानाखाली मारली, कारण प्रोजेक्टच्या ग्रुपमधल्या मुलाचा मेसेज आला होता. नंतर रडला, पाया पडला. परवा परत तसंच झालं आणि या वेळी गळा धरला, थोडाच वेळ. सोडते म्हटलं की म्हणतो, जिवाचं बरंवाईट करून घेईन, नाहीतर आपले फोटो तुझ्या दादाला पाठवीन. तो आमच्या जातीतला नाही. घरी कळलं तर शिक्षण बंद आणि लग्न ठरलंच. तो वाईट नाही ताई, त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी खूप मारलंय. मी बदलले तर तो बदलेल का? की शेवटचं एकदा भेटून नीट समजावू? त्यानं दिलेला मोबाईल आणि फीसाठी दिलेले आठ हजारही तो परत मागतोय."

मुली,

गळ्याचं तू दोन शब्दांत उरकलंस. मी तिथूनच सुरू करते.

गळा दाबला की बाहेर वळ उठतोच असं नाही. आतून सूज येते, कधी रक्तवाहिनीला इजा होते, आणि त्रास काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी सुरू होतो. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, डोकं ठणकत असेल, चक्कर येत असेल, डोळ्यांत लाल ठिपके दिसत असतील, धाप लागत असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच कुणाला तरी बरोबर घेऊन सिव्हिलला जा. यातलं काही होत नसलं तरी जा. डॉक्टरांना 'पाय घसरून पडले' असं सांगू नकोस. कुणी धरलं, कसं धरलं, ते सांग. केसपेपरवर ते लिहिलं जाईल, कदाचित एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद होऊन त्यांना कळवलं जाईल. त्याला घाबरू नकोस. एमएलसी म्हणजे तुझी फिर्याद नव्हे. फिर्याद द्यायची की नाही हे नंतर ठरवता येईल, पण आज न झालेली नोंद महिन्याभरानं करून मिळत नाही.

जोडीदाराकडून होणाऱ्या मारहाणीचा अभ्यास करणारे लोक गळा धरणं ही गोष्ट बाकीच्या मारहाणीपेक्षा वेगळी काढतात. ज्यानं एकदा गळा धरला, त्याच्या हातून पुढे जिवावर बेतण्याचा धोका कैक पटींनी वाढतो, असं त्यांना दिसून आलंय. त्यामुळे तो बदलेल का यावर मी तुझ्याशी वाद घालत बसणार नाही. बदलायचा असेल तर तुझ्यापासून लांब राहून बदलू दे.

आता त्याच्या जपण्याकडे येते. तू लिहिलेल्या गोष्टी क्रमानं लावून बघ. आधी मुलांशी बोलणं बंद झालं, मग पासवर्ड गेला, मग रात्रीचा कॉल आला, मग मैत्रिणी गेल्या. मारणं सगळ्यात शेवटी आलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत हा क्रम फारसा बदलत नाही. हात उचलायच्या आधी मुलीच्या आसपासची माणसं कमी केली जातात, म्हणजे गालावरची बोटं बघून 'हे काय गं?' असं विचारायला कुणी उरत नाही. आणि सुरुवातीला त्याच मैत्रिणी म्हणाल्या असतील, 'किती पझेसिव्ह आहे, लकी आहेस बाई!' पाळत ठेवणाऱ्याला जीव लावणारा समजायचं हे आपण पडद्यावर बघून बघून शिकलो आणि अजून विसरायला तयार नाही.

तू बागायतदाराची लेक आहेस. ढगाळ हवा आली की बाबा पान उलटं करून डाऊनीची बुरशी बघतात, वरून हिरवं दिसतंय म्हणून पुढे जात नाहीत. त्याच्या काळजीचंही तेवढंच करायचंय. 'आज कॉल नको, मला झोपायचंय' असं तू म्हणालीस तर काय होईल? प्रत्यक्ष करून बघू नकोस, नुसता विचार कर. जपणारा माणूस 'बरं, झोप' म्हणेल. तुझ्या पोटात नुसत्या विचारानं गोळा आला असेल, तर पानामागे काय आहे ते तुला दिसलंच.

यावर तू म्हणशील, पण ताई, चांगले दिवसही असतात. असतात ना. आधी काही दिवस ताण, तो गप्प गप्प, तू जपून जपून वागतेस. मग एक दिवस स्फोट. मग रडणं, पाया पडणं, नवा ड्रेस, आमराईत फेरी, आठवडाभर नुसती गोडी. मग पुन्हा ताण. मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र सत्तरच्या दशकातच लिहून ठेवलंय. त्यातली गोडी नाटकी असतेच असं नाही, रडताना तो खरंच रडत असेल. म्हणून तर सुटणं अवघड होतं. नुसता मारणारा माणूस कुणीही सोडेल. मारून मग कुशीत घेणारा सुटत नाही, कारण मार कमी होईल आणि गोडी वाढेल या आशेवर वर्ष निघून जातं. व्यवहारात उलटं होतं. गोडीचे दिवस आखडतात आणि पुढे पुढे माफी मागायचीही गरज वाटेनाशी होते.

त्याच्या वडिलांनी त्याला मारलं हे खरं असेल, आणि त्या वयातल्या पोराबद्दल मलाही वाईट वाटतं. पण कंपनीत सुपरवायझर चारचौघांत बोलतो तेव्हा तो त्याचा गळा धरतो का? नाही ना? म्हणजे राग आवरता येतो. कुणासमोर आवरायचा हेही त्याला कळतं. हरिपूरच्या रस्त्यावर हात उचलला तेव्हा मागेपुढे कुणी होतं का, तेवढं आठव. आणि 'मी बदलले तर' हे मनातून काढून टाक. तू बदलून झालीस. मुलांशी बोलणं सोडलंस, मैत्रिणी सोडल्यास, फोन त्याच्या हवाली केलास. त्यानंतर गळ्यापर्यंत हात आला.

हे सगळं तुलाही आतून माहीत असणार, नाहीतर तू पत्र लिहिलं नसतंस. मग अडकलं कुठे? माझ्या मते ते फोटोंत अडकलेलं नाही, आणि प्रेमातही नाही. ते घरात अडकलंय. तुझ्या घरचं भय तो तुझ्यावर वापरतोय. ते भय खोटं असतं तर प्रश्न सोपा होता. ते खरं आहे. गावात मुलीचं नाव निघालं की पुढे काय होतं हे तुला मी सांगायची गरज नाही. पण हिशोब नीट बघ. घरच्यांना माहीत नाही, एवढंच त्याचं भांडवल आहे. जोवर ते आहे तोवर तो आज फोटोवर थांबेल, उद्या पैसे मागेल, परवा म्हणेल लॉजवर चल. घरी ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी त्याच्याकडे धमकी द्यायला फार काही राहत नाही. प्रश्न एवढाच की कळणार कुणाकडून. त्याच्याकडून कळलं तर फोटो आधी दिसतात आणि मार कुणाच्या कानावरही येत नाही. तू सांगितलंस तर त्यानं केलेली मारहाण आधी कळते.

म्हणून तूच सांग, आणि लवकर. पण दादाला आधी नको. आई, किंवा आईला सांगू शकेल अशी मावशी, मामी, वहिनी. प्रत्येक गोतावळ्यात एक तरी बाई अशी असते, जी ऐकून आधी दार लावते आणि मग रागावते. तिला गाठ. फोनवर नको, गावी जाऊन समोर बसून सांग. वाक्यं सुचत नसतील तर ही घे: 'आई, माझं एका मुलाशी जमलं होतं. रागावायचं ते नंतर रागव. तो मला मारतो. परवा त्यानं माझा गळा धरला. मी त्याला सोडतेय म्हणून तो फोटो घरी पाठवायची धमकी देतोय. मला एकटीला हे जमणार नाही.' एवढंच. कधी भेटलात, कुठे फिरलात, फोटोत काय आहे, याची उत्तरं त्याच दिवशी द्यायलाच पाहिजेत असं नाही.

जात विचारली जाईल, कदाचित मार विचारायच्या आधीच. खरं ते सांग, आणि तिथंच थांब. 'तसल्यांचं असंच असतं' म्हणत घर त्या वाटेला लागलं तर तू मान डोलावू नकोस. स्वतःच्या जातीत, पत्रिका जुळवून, पाचशे माणसांत लग्न लागलेल्या बायकांची पत्रंही माझ्याकडे येतात आणि त्यांत गळ्याबद्दल हेच लिहिलेलं असतं.

दादाचं वेगळं सांगते. चार पोरं घेऊन कुपवाडला जाऊन त्याला तुडवायचं, हे त्याच्या मनात येणारच. ते आईनं आणि तू मिळून अडवायचं. तसं झालं तर दादावर गुन्हा दाखल होईल, तो मुलगा सिव्हिलच्या कॉटवर बिचारा होऊन बसेल, आणि तुझी तक्रार दोन घरांच्या भांडणात बुडून जाईल. दादाला काम द्यायचंच असेल तर हे दे: फोटो आलाच तर उघडायचा नाही, पुढे पाठवायचा नाही, डिलीटही करायचा नाही, नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा.

आणि एक विचार अगदी खरा कर. घरचे नुसते रागावतील, की तुझ्याच जिवावर उठतील? आपल्या भागात दोन्ही प्रकारची घरं आहेत. दुसऱ्या प्रकारची शंका जरी असली तरी घरी आधी सांगू नकोस. १८१ या महिला हेल्पलाईनला फोन कर आणि जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता घे. तिथे समुपदेशक असतात, काही दिवस राहायची सोय होते, पोलीस आणि वकिलाची गाठ घालून दिली जाते. तू सज्ञान आहेस. कुठे राहायचं हे ठरवायचा हक्क कायद्यानं तुझा आहे, त्याचाही नाही आणि घरच्यांचाही नाही.

शिक्षणाचं मात्र आईकडे त्याच बैठकीत मागून घे. होस्टेल नको म्हणाले तर घरून ये-जा करते म्हण. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तासगाव-सांगली रोज परवडतं. होस्टेलपेक्षा हे त्रासाचं आहे, पण डिग्री पूर्ण होते.

फोटोंकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७७ मध्ये स्वच्छ लिहिलंय की खासगी क्षणाचा फोटो काढायला बाईची संमती असली, पण तो दुसऱ्याला दाखवायला नसली, तर दाखवणं हा गुन्हा आहे. म्हणजे 'तूच काढू दिलास' हे त्याचं म्हणणं तिथे चालत नाही. मागे लागणं, नको म्हटल्यावर मेसेज करत राहणं, इंटरनेटवरून पाळत ठेवणं, हे कलम ७८. धमकीला ३५१. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तुला बहुधा लागू होणार नाही, कारण तुम्ही एका घरात राहिला नाहीत. कुणी तो सुचवला तर त्यात वेळ घालवू नकोस. स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत वेबसाइट आहे, अठरा वर्षांवरच्या कुणालाही वापरता येते. तुझ्याकडे ते फोटो असतील तर त्यांचा डिजिटल ठसा तुझ्याच फोनवर तयार होतो, फोटो कुठेही अपलोड होत नाही, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या तिथे सामील असलेल्या कंपन्या तो ठसा जुळला की फोटो अडवतात. व्हॉट्सअपवर एकानं दुसऱ्याला पाठवलेला फोटो त्यानं थांबत नाही, म्हणून तर घरी आधी सांगायचं म्हणतेय.

शेवटचं भेटायचं का? नाही. कॉलेज कॉर्नरच्या गर्दीतल्या कॅफेतही नाही, मैत्रिणीला बरोबर घेऊनही नाही. मुलगी सोडून निघते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतोय हे त्याला तेव्हाच कळतं. समजावून सांगितल्यानं त्याला पटेल ही आशा सोड. तू कारणं दिलीस की तो एकेका कारणावर वाद घालेल आणि तू हरशील. दोन वर्षं हेच झालंय. एक मेसेज पुरे: 'मी हे नातं संपवतेय. यापुढे मला फोन, मेसेज करू नकोस, भेटायला येऊ नकोस.' त्यावर काहीही आलं तरी उत्तर नाही. नको म्हटल्याची ही लेखी नोंद पुढे कलम ७८ साठीही उपयोगी पडते.

पण हा मेसेज आज पाठवू नकोस. आधी तयारी. धमक्यांचे मेसेज, कॉलची यादी, जखमेचे फोटो, सगळं विश्वासातल्या एका माणसाच्या फोनवर जमा कर. आधार, मार्कशीट, एटीएम कार्ड यातलं काही त्याच्याकडे असेल तर तसं लिहून ठेव. ती मागायला जाऊ नकोस, दुसरी प्रत निघते. रेक्टरला सांग की या नावाचा मुलगा गेटवर आला तर मी खाली येणार नाही आणि त्याला माझी वेळ सांगायची नाही. तुटलेल्या मैत्रिणींपैकी एकीला फोन कर. ती फार प्रश्न विचारणार नाही, तिनं हे सगळं तुझ्या आधी ओळखलं असेल. पासवर्ड बदलायचे ते अगदी शेवटी, तुझ्या सुरक्षित ठिकाणी, दुसऱ्याच्या फोनवरून, कारण बदलल्याक्षणी त्याला कळणार. व्हॉट्सअपमधली लिंक्ड डिव्हाइसेस, गूगल खात्यात कुठले फोन जोडलेले आहेत ते, मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग, हे सगळं तपास. त्यानं घेऊन दिलेल्या मोबाईलमध्ये त्याचंच गूगल खातं असेल, तर तू कुठे आहेस हे विचारायचीही त्याला गरज नव्हती.

मेसेज गेल्यावर तो जीव देण्याची भाषा करेल. त्याला हलक्यात घेऊ नकोस आणि धावतही जाऊ नकोस. ११२ ला फोन करून नाव, पत्ता, काय म्हणाला ते सांग, आणि त्याच्या भावाला किंवा रूममेटला कळव. १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाईन मोफत आहे, तो नंबर त्याच्या घरच्यांना दे. त्याला जगवायला डॉक्टर लागतात. त्यासाठी तू त्याच्या खोलीवर जायची गरज नाही.

पोलिसांबद्दल गोड बोलणार नाही. 'आधी फिरलीस कशाला?' असं कुणीतरी विचारेल. तरी जा, आणि लेखी अर्ज घेऊन जा. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, आणि ७७, ७८ या कलमांखाली तुझी माहिती महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची असते. हेही माहीत असू दे की मागे लागण्याचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे तो संध्याकाळी बाहेर दिसला तर सगळं संपलं असं समजू नकोस. त्या आठवड्यात एकटी फिरू नकोस, नेहमीची वाट आणि वेळ बदल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचार. सोबत कुणी नसेल तर ठाण्यात जायच्या आधीच वकील मागून घे.

ही सगळी धावपळ संपल्यावर रात्री अकराला, कॉलच्या वेळेला, तुला त्याची आठवण येईल. खूप येईल. त्यावरून निर्णय चुकला असं ठरवू नकोस. त्या वेळेला कुणाला फोन करायचा ते नाव आधीच ठरवून ठेव. (हे वाचणाऱ्या मुलांपैकी काहींच्या मैत्रिणीही हात उचलतात, फोन तपासतात. हसतील म्हणून ते कुणाला सांगत नाहीत. त्यांनाही यातलं बहुतेक लागू आहे, आणि ११२ त्यांच्यासाठीही आहे.)

राहिला मोबाईल आणि आठ हजार. तक्रार द्यायची ठरली तर मोबाईल परत करू नकोस आणि रिसेटही मारू नकोस. मूळ मेसेज त्यात आहेत, वकिलाला विचारून मगच काय ते कर. तक्रार द्यायची नसेल तर पुरावा दुसरीकडे उतरवून घे, फोन रिसेट कर आणि कुरिअरनं पाठव, पावती जपून ठेव. आठ हजार उसने म्हणून घेतले असशील तर ते फेड. आईला त्यातच सांग, रक्कम मोठी नाही. रोख नको, हातात नको. यूपीआयनं पाठव आणि शेऱ्यात 'फीसाठी घेतलेली रक्कम परत' असं लिही. आणि पैसे पोहोचले की व्हॉट्सअप, इन्स्टाबरोबर फोनपे आणि गूगल पे वरही त्याला ब्लॉक कर. सगळीकडून ब्लॉक झाल्यावर एक रुपया पाठवून त्यासोबत निरोप लिहिणारे महाभाग आहेत.